नाही म्हणायची तारीख

आमच्याकडे वर्षातून दोनदा ऑफिस रिकामं होतं, एकदा शिमग्याला आणि एकदा गणपतीत. ग्रामदेवतेची पालखी घरी यायची असली की क्लार्क काय नि प्राचार्य काय, ज्याचा तो गावाला, आणि गणपतीत तर मुंबईची माणसं इथे येतात मग इथली माणसं ऑफिसात कशी बसतील. यात गैर काहीच नाही, मीही जाते. पण सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांच्या कॅलेंडरात शिमगा नसतो. त्यांच्या करारात लिहिलेलं असतं की मुदत संपायच्या साठ दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप वर्षभर पुढे चालू राहील, आणि ते साठ दिवस मागे मोजत गेलं की तारीख बरोब्बर अशा ठिकाणी जाऊन पडते जिथे सही करणारा माणूस जागेवर नसतो. ३१ मार्चला संपणारा करार असेल तर ही तारीख ३० जानेवारीला येते, स्नेहसंमेलनं आणि बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या धांदलीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपणारा असेल तर बऱ्याचदा गणपतीच्याच दिवसांत.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात हिशेब बघते. संस्था म्हणजे काही हायस्कुलं, ज्युनियर कॉलेजं, एक तंत्रनिकेतन, फार्मसी, वसतिगृह, असं तालुक्यातालुक्यात विखुरलेलं सगळं. कुठल्या शाखेत कुठलं सॉफ्टवेअर आहे, त्याचे पैसे कशातून जातात, करार कधी संपतो, हे एका जागी लिहून ठेवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. ऐकायला रुक्ष वाटेल पण मला हे काम मनापासून आवडतं, कारण यात वाचलेला पैसा पुढे कुठल्यातरी वर्गाच्या पत्र्यावर नाहीतर प्रयोगशाळेच्या काचसामानावर खर्च होतो आणि तो खर्च मीच लिहिते, त्यामुळे दिसतो.

पसारा वाढला तो २०२० मध्ये. त्याआधी हिशेबाचं टॅली होतं, लायब्ररीचं काहीतरी होतं, वार्षिक अंकाच्या मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी होतं, ते तर एका जुन्या मशीनला डोंगल लावून अजून चालतं. एकदा पैसे दिले की वस्तू आपली. मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ३ जूनला निसर्ग वादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं, दापोली-मंडणगडकडच्या माडापोफळीच्या बागा आडव्या झाल्या, गावंच्या गावं दिवसेंदिवस विजेशिवाय, आणि त्याच दिवसांत ऑनलाइन शिकवायची तयारी करायची होती. मोफतचं झूम चाळीस मिनिटांनी तुटायचं. मग ज्या मुख्याध्यापकांना जे जमलं ते त्यांनी घेतलं, कुणी झूमचं पैसे भरून, कुणी शिकवायचं ॲप, कुणी फी भरायचं, कुणी पालकांना एसएमएस पाठवायची सेवा. मुलं रेंजसाठी सड्यावर जाऊन बसत होती, तेव्हा करार वाचत कोण बसणार, आणि त्या वेळी घेतलं ते बरोबरच घेतलं असं मी आजही म्हणते. पण पुढे शाळा उघडल्या, वर्ग भरले, घंटा वाजायला लागल्या, तरी ते करार चालूच राहिले. बंद करा असं कुणी म्हटलंच नाही, आणि कुणी म्हणायचं हेही ठरलेलं नव्हतं.

सगळं शोधून काढताना मला वाटलं होतं शाखांना पत्र पाठवलं की यादी येईल. आली, पण त्या यादीत लोकांना आठवलं तेवढंच होतं. खरी यादी मिळाली लेजरमधून. सॉफ्टवेअरचं बिल 'सॉफ्टवेअर' नावाच्या खात्यात क्वचितच असतं. ते 'संगणक दुरुस्ती'त असतं, 'छपाई व लेखनसामग्री'त असतं, 'किरकोळ'मध्ये असतं, आमच्या एका शाखेत तर 'प्रयोगशाळा साहित्य'मध्ये होतं. म्हणून मी बँकेची स्टेटमेंटं घेऊन बसले आणि एक-एक नोंद वाचत गेले, दरवर्षी त्याच सुमाराला जाणारी तीच किंवा थोडी वाढलेली रक्कम दिसली की पेनाने खूण. कुणाला असं काम सुरू करायचं असेल तर मी हेच सांगेन, माणसांना विचारायच्या आधी बँकेला विचारा, आणि तेही सलग दोन वर्षांचं काढा, कारण काही करार दोन वर्षांनी एकदाच पैसे मागतात आणि एका वर्षाच्या कागदात दिसतच नाहीत.

कागदांचं तर विचारू नका. आमच्याकडे जुलैत लोखंडी कपाट उघडलं की आधी वास येतो. करारांचे कागद एकमेकांना चिकटलेले, स्टेपलरच्या पिनेभोवती गंजाचा डाग, आणि थर्मल कागदावरच्या पावत्या तर कोऱ्या झालेल्या, उजेडात तिरकी धरली तर कुठे एखादा आकडा दिसणार. चिपळूणच्या शाखेत तेवढंही उरलं नव्हतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या फायलींचा चिखल झाला. तिथले जे करार आज माझ्याकडे आहेत ते फक्त कुणाच्या तरी मेलमध्ये पीडीएफ पडून होती म्हणून. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की सही झालेला करार त्याच दिवशी स्कॅन होऊन संस्थेच्या मेलवर आला पाहिजे, तो आल्याशिवाय पहिलं बिल पास होत नाही. लोकांना सुरुवातीला जाच वाटला. चिपळूणच्या मंडळींना मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता तारखांचं. बहुतेक जण तक्त्यात मुदत संपायची तारीख लिहितात आणि तिचाच रिमाइंडर लावतात. ती तारीख जवळजवळ निरुपयोगी आहे. ऑटो-रिन्यूअल असेल तर त्या दिवशी तुमच्या हातात काहीच उरलेलं नसतं, आणि ते नसेल तर त्या दिवशी सेवा बंद पडते म्हणून घाईघाईत मागतील ते पैसे भरावे लागतात. उपयोगाची तारीख म्हणजे नाही म्हणायची शेवटची तारीख. माझ्या तक्त्यात ती सगळ्यात डाव्या कॉलमात आहे, नावाच्याही आधी, आणि तक्ता त्या तारखेनेच लावलेला असतो. ही तारीख सुट्टीत पडत असेल तर मी ती मागे ओढते, म्हणजे शिमग्याच्या आठवड्यात येत असेल तर त्याआधीच्या महिन्यात, गणपतीत येत असेल तर जुलैअखेर. मायक्रोसॉफ्टचं तर वेगळंच, २०२२ मध्ये त्यांनी एजंटमार्फत घेतलेल्या लायसन्सची पद्धत बदलली, वर्षाची बांधिलकी घेतली की रद्द करायला किंवा संख्या कमी करायला पहिले सात दिवस, नंतर वर्षभर संख्या वाढवता येते, कमी करता येत नाही. म्हणजे जूनमध्ये नवे शिक्षक आले म्हणून लायसन्स वाढवली आणि ऑगस्टमध्ये दोघं सोडून गेले तर त्यांचे पैसे चालूच. हे माहीत असेल तर माणूस आधी सोडून गेलेल्यांची खाती मोकळी करतो, मग नवीन मागतो.

आणि हे सगळं मार्चमध्येच का येऊन पडतं याचं कारण साधं आहे. निधी ३१ मार्चच्या आत खर्च व्हायला हवा म्हणून सॉफ्टवेअर मार्चमध्ये घेतलं जातं, मग त्याचं रिन्यूअल प्रत्येक मार्चमध्येच. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, वर्षअखेरीचे हिशेब आणि वर शिमगा. विचार करायला सगळ्यात वाईट महिना. मी गेल्या काही वर्षांत जमेल त्या कंपनीला विनंती करून मुदत सप्टेंबरअखेरीवर आणली, सहा महिन्यांचे पैसे वेगळे भरून, म्हणजे नाही म्हणायची तारीख जुलैअखेर येते. जुलैत शाळा स्थिरावलेली असते, पट ठरलेला असतो, कोण काय वापरतंय हे कळलेलं असतं. बऱ्याच कंपन्या तयार होतात, फक्त कुणी विचारत नाही.

पैसे जातात कसे हाही कॉलम हवाच. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना नियम लावले, चोवीस तास आधी सूचना आणि ठराविक रकमेच्या वर गेलं की दरवेळी ओटीपी. ती मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. नियम चांगलाच आहे, न विचारता पैसे जाणं त्यामुळे थांबलं. पण आमचं कार्ड सचिवांच्या नावावर, ओटीपी सचिवांच्या फोनवर, आणि सचिवांचं घर खाडीपलीकडे जिथे पावसात टॉवरच बंद असतो. एकदा परदेशी कंपनीची एक सेवा केवळ एवढ्यासाठी बंद पडली आणि तंत्रनिकेतनच्या मुलांचे प्रोजेक्ट दोन दिवस अडकले. आता पंधरा हजारांच्या वरचं काहीही कार्डावर ठेवत नाही, बिल मागवायचं आणि एनईएफटी करायचं.

पण तारखा नि पैसे हे त्या मानाने सोपं. कठीण आहे ते माणसाचं नाव. प्रत्येक सॉफ्टवेअरसमोर आमच्याकडच्या एका माणसाचं नाव हवं, ज्याला ते खरोखर लागतं, आणि जो नाही म्हणू शकतो. 'कार्यालय' असं लिहून चालत नाही. 'प्राचार्य' असंही नाही, कारण प्राचार्य बदलतात. ज्या करारासमोर असं नाव नव्हतं तो करार आमच्याकडे एकदाही वेळेवर बंद झालेला मी पाहिला नाही. आणि त्याच्या शेजारी दुसरा कॉलम, लॉगिन कुणाच्या मेलवर आहे. हा कॉलम भरायला लागले तेव्हा मला खरंच धसका बसला. फी भरायच्या सॉफ्टवेअरचं मुख्य खातं रिटायर झालेल्या एका सरांच्या घरच्या जीमेलवर. एसएमएसचं खातं अशा क्लार्कच्या मोबाईलवर जो नोकरी सोडून डोंबिवलीला गेला. एका शाळेच्या वेबसाइटचं डोमेन ज्या पोराने साइट बनवली त्याच्या स्वतःच्या नावावर. तिथल्या शिपाईमामांनीच मला आधी सांगितलं, "त्या पोरान पासवर्ड बदललान नि पुण्यास गेला, आता फोन उचलत नाय."

तो पोरगा वाईट नव्हता. फोन उचलला शेवटी, आईची तब्येत विचारली मी, मग म्हणाला, "ताई, मला पण नकोच आहे ते, दरवर्षी मीच पैसे भरतोय." म्हणजे शाळेच्या डोमेनचे पैसे हा मुलगा स्वतःच्या खिशातून भरत होता, कारण बंद पडलं तर शाळेचं नाव जाईल असं त्याला वाटत होतं आणि शाळेत कुणाला बिल पाठवायचं हे माहीत नव्हतं. आम्ही त्याचे सगळे पैसे चुकते केले आणि डोमेन संस्थेच्या नावावर घेतलं. डॉट कॉमसारखं डोमेन चुकून सुटलं तर काही दिवस नेहमीच्या दरात परत मिळतं, मग तीस दिवस जास्तीचा दंड भरून, त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घ्यायला मोकळं. त्या नावावर उद्या कुणी काय टाकेल सांगता येत नाही, आणि पालक तर त्याच पत्त्यावर जाणार. वेबसाइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेटही याच यादीत येतं. त्याची मुदत आधीच वर्ष-सव्वा वर्षाच्या वर मिळत नव्हती, आणि एप्रिल २०२५ मध्ये ठरलं की १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७. हे हाताने करत बसणं कुणालाच जमणार नाही, होस्टिंगवाल्याकडून ते आपोआप करून घ्यायचं, आणि ते होतंय ना हे बघायला पुन्हा कुणाचं तरी नाव लिहायचं.

आता ज्या गोष्टीने माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो ती. आमच्या शाळांचा पट दरवर्षी थोडा थोडा कमी होतोय. ज्यांना जमतं ते मुंबई-पुण्याला जातात, मुलं तिकडेच शिकतात. शाळेचं सॉफ्टवेअर मात्र मुलांच्या संख्येवर दर लावतं, आणि करारातली संख्या असते ती सही झाली त्या वर्षाची. एका हायस्कुलात करारात सातशे मुलं होती आणि हजेरीवर पाचशेसुद्धा नव्हती. म्हणजे जी मुलं गाव सोडून गेली त्यांचे पैसे राहिलेल्या मुलांच्या फीमधून जात होते. मी मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, "बाई, पट कमी झाला हे कुणाला कळवायचं म्हणजे अंगावर येतं, तुकडी जाईल म्हणून आम्ही कुठेच बोलत नाही." त्यांचं दुःख मला समजलं. तरी तो आकडा कळवावाच लागला. कंपनीच्या माणसाने आधी सांगितलं की स्लॅब खाली येत नाही, वरच जातो. मग मी यू-डायसचा, म्हणजे शाळा सरकारला दरवर्षी कळवते तो पटाचा आकडा पाठवला आणि म्हटलं, पुढचा करार तीस सप्टेंबरच्या पटावर करायचा असेल तरच बोलू. दोन आठवडे शांतता, नंतर तयार झाले. आता आमच्या प्रत्येक नवीन करारात हे वाक्य असतं की संख्या दरवर्षी वरही जाईल नि खालीही.

दरवाढीचं कलम पण असंच वाचून घ्यावं लागतं. 'दरवर्षी दहा टक्के' हे वाचताना लहान वाटतं. एक लाखाचा करार पाचव्या वर्षी १,४६,४१० होतो. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ पावणेदोन लाख. कारखान्याला किंवा दुकानाला तो जीएसटी पुढे वळता करता येतो, शाळेला येत नाही, कारण शाळेची फी जीएसटीतून मुक्त आहे आणि त्यामुळे इनपुट क्रेडिट मिळत नाही. आमच्यासाठी तो सरळ खर्च. म्हणून माझ्या तक्त्यात किंमत नेहमी जीएसटी धरून असते. कोटेशनवर खाली बारीक अक्षरात 'कर वेगळा' लिहिलेलं असतं आणि समितीपुढे वरचा आकडा जातो, दोन शाखांचे दोन आकडे मग तुलनाच करता येत नाहीत.

मोफत म्हणून जे आहे तेही बघते. आमच्या एका कॉलेजात लायब्ररीसाठी दरवर्षी पैसे भरून सॉफ्टवेअर होतं. तिथल्या ग्रंथपाल मॅडमनी मला समोर बसवून दाखवलं, पुस्तक देवघेव त्या रजिस्टरातच लिहितात, संध्याकाळी त्यातलं थोडं संगणकात भरतात, कारण दुपारी लाइट गेली की सगळं थांबतं आणि मुलं बसची वाट बघत दारात उभी असतात. दुसऱ्या शाखेत तेच काम कोहावर चालतं. कोहा न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररीने स्वतःसाठी बनवून घेतलं, २००० साली चालू झालं, ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालयही आहे. मग सगळीकडे कोहा करू असं मला पटकन वाटलं, पण मॅडम म्हणाल्या, "ताई, तिकडे जोशीसरांसारखा एक माणूस आहे म्हणून चालतंय. तो नसला तर बिघडल्यावर मी कुणाला फोन करू?" बरोबर होतं त्यांचं. मोफत सॉफ्टवेअरचंही एक मालक-नाव लागतं, आणि त्या माणसाच्या पगारातला वेळ लागतो, तो किमतीत धरला पाहिजे. शेवटी दोन्ही शाखांचा सर्व्हर एकत्र केला आणि बिघडल्यावर फोन करायला दोन नावं लिहिली.

लाइटवरून आठवलं, कंपन्या ९९.९ टक्के सेवा चालू राहील असं लिहून देतात, म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिली तरी करार मोडत नाही. आमच्याकडे जुलैतल्या एका वादळी रात्रीतच तेवढे तास लाइन बंद असते आणि ती त्यांच्या हिशेबात येत नाही. म्हणून मी विचारते, नेट नसताना काय चालेल? पावती फाडता येईल का, हजेरी लागेल का? या प्रश्नाचं नीट उत्तर जो देतो त्याला मी दोन पैसे जास्त द्यायला तयार असते.

आणि जनरल रजिस्टर. शाळेत काम केलेल्यांना सांगायला नको. प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाची नोंद, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, कायमची जपायची. मे महिन्यात मुंबईहून आजोबा येतात, नातवाच्या जात पडताळणीसाठी स्वतःच्या वडिलांचा दाखला हवा असतो, आम्ही लाल फडक्यातलं रजिस्टर काढतो, पानं हळूच उलटतो आणि नोंद मिळते. शाई फिकी, पण वाचता येते. गेल्या काही वर्षांत काही शाखांनी नोंदी आधी सॉफ्टवेअरमध्ये भरून मग रजिस्टरात उतरवायला सुरुवात केली, आणि उतरवायचं मागे पडत गेलं. मग मी एका कंपनीला विचारलं की करार संपला तर आमचा डेटा कसा मिळेल. उत्तर आलं, प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी पीडीएफ, तीही करार संपल्यापासून तीस दिवसांत डाउनलोड करून घ्यायची. मला हे वाचून रात्री झोप लागली नाही. पैसे थांबवले तर गावाच्या मुलांची नोंद तीस दिवसांत जाणार, म्हणजे आपण सॉफ्टवेअर भाड्याने घेतलं नाही, आपली नोंदवहीच दुसऱ्याकडे ठेवायला दिली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही जबाबदारी आपलीच राहते, काम बाहेरच्या कंपनीला दिलं असलं तरी. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक्सेलमध्ये पूर्ण उतारा काढून घ्यायचा, तो उघडून बघायचा, मराठी नावं नीट दिसतात ना, प्रश्नचिन्हं तर नाही ना झाली, आणि कागदी रजिस्टर दर सोमवारी पुरं करायचं. हे मी परिपत्रक काढून थांबले नाही, शाखांत जाऊन बघते.

आमच्या कार्यकारिणीत बरेच जण आंबा बागायतदार आहेत. बाग कराराने देताना ही माणसं काय काय बघतात ते मी लहानपणापासून ऐकलंय, कलमं किती, किती वर्षांसाठी, फवारणी कुणाची, मोहोरासाठी कल्टार हे औषध किती घालायचं, वादळाने मोहोर गेला तर पैसे कसे, मुदत संपल्यावर कलमं कुठल्या अवस्थेत परत मिळणार. स्टॅम्प पेपरवर प्रत्येक ओळ वाचून सही. तीच माणसं सॉफ्टवेअरच्या करारावर चहा पिता पिता सही करायची, कारण त्यातलं आपल्याला कळत नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी एका बैठकीत करारच त्या क्रमाने मांडला. संख्या किती, वर्षं किती, मधल्या काळात देखभाल कुणाची, दरवाढ किती, परत काय मिळणार. अण्णांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, चष्मा लावला आणि पहिल्यांदाच एका सॉफ्टवेअर कराराला चार हरकती काढल्या, त्यातल्या तीन मला सुचल्या नव्हत्या. त्या दिवशी मी घरी जाताना फार आनंदात होते.

तक्ता म्हणाल तर साधा गूगल शीट आहे. यासाठी तयार सॉफ्टवेअरं मिळतात, जीएलपीआय नावाचं ओपन सोर्स आहे, त्यात करार, पुरवठादार, लायसन्स सगळं ठेवता येतं आणि मुदतीची आठवण येते. मोठ्या संस्थेने जरूर बघावं. आम्हाला सध्या शीट पुरतं, कारण मुख्याध्यापकांना ते मोबाईलवर उघडता येतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेही त्यात एक ओळ म्हणून आधीच होतं, त्याचं बिल कुणी पाठवत नाही तरी लॅबच्या मशीनचा खर्च अंगावर येतोच. अध्यक्ष-सचिवांच्या डिजिटल सह्यांच्या मुदतीही तिथेच, कारण ऑडिट रिपोर्ट भरायच्या आठवड्यात सही संपलेली सापडणं कुणालाच परवडत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पुढच्या चार महिन्यांच्या ओळी काढते आणि ज्याचं नाव आहे त्याला फोन करते. मेल नाही, फोन. "सर, हे तुम्ही वापरता का? किती जण? नसेल तर काय अडेल?" या तीन प्रश्नांवर माणूस थांबतो, खरं बोलतो. कधी कळतं की आपण बंद करायला निघालेलं एसएमएसचं पॅक वसतिगृहाच्या रेक्टर बाई रोज वापरतात, पाऊस वाढला की पालकांना निरोप त्यातूनच जातो. मग ते बंद न होता वाढतं.

सध्या वसतिगृहाच्या मेसचं एक सॉफ्टवेअर घ्यायचं चाललंय. रेक्टर बाईंना ते मनापासून हवंय, जेवणाची हजेरी आणि धान्याचा साठा एकत्र दिसेल म्हणून, आणि मलाही पटलंय. कंपनीने एक्सेल उतारा द्यायचं मान्य केलं, संख्या खाली-वर होण्याचं मान्य केलं, नोटीस मात्र नव्वद दिवसांचीच हवी म्हणतात. मुदत मेअखेर संपणारी, म्हणजे नव्वद दिवस मागे मोजले की पुन्हा मार्चचा पहिला आठवडा, पालख्या निघायचे दिवस. नोटीस तीस दिवसांची ठेवा असं मी त्यांना कळवलंय आणि रेक्टर बाईंना सांगितलंय की त्यांचं उत्तर येईपर्यंत फाईल अण्णांकडे सहीला जाणार नाही.